गवत आणि गलबत : चिमाजी अप्पांनी माहीमची खाडी ओलांडली असती तर?

१/
१२४२ च्या वसंतात मंगोल फौजा हंगेरीतून मागे फिरल्या आणि तितक्या पश्चिमेस पुन्हा कधी स्थिरावल्या नाहीत. १७३९ च्या उन्हाळ्यात मराठी फौजा वसई जिंकून वांद्र्याच्या किनाऱ्याशी थांबल्या. समोर माहीमची खाडी, पलीकडे इंग्रजांची मुंबई. न पडलेल्या या दोन पावलांविषयीचा हा थ्रेड. पहिल्याविषयी थोडक्यात, दुसऱ्याविषयी सविस्तर.

२/
कल्पित इतिहास रचणाऱ्यांना मंगोलांचा प्रसंग फार प्रिय. ११ एप्रिल १२४१ रोजी मोहीच्या मैदानावर बातू आणि सुबुताई यांनी हंगेरीचा राजा चौथा बेला याच्या सैन्याची धूळधाण उडवली. दोनच दिवस आधी पोलंडमध्ये लेग्निका येथे मंगोलांच्या दुसऱ्या तुकडीने आणखी एक सैन्य बुडवले होते. हिवाळ्यात डॅन्यूब गोठली, घोडी बर्फावरून पार झाली, बेला पळत पळत एड्रियाटिकच्या किनाऱ्याला लागला. आणि मग एकाएकी माघार. याचे लोकप्रिय उत्तर एका वाक्याचे आहे: डिसेंबर १२४१ मध्ये खाकान ओगदेई वारला, नव्या निवडीसाठी सरदारांना परतावे लागले, युरोप वाचला.

३/
हे उत्तर आवडते, कारण त्यातला 'जर' स्वस्त आहे. एक मनुष्य आणखी दहा वर्षे जगला असे धरले की व्हिएन्नात लगेच मंगोल दारोगा नेमता येतो. (दारोगा हा आपल्याकडे रुळलेला शब्द मुळात मंगोलच.) पण बातू नव्या खाकानाच्या निवडीला गेलाच नाही. तो व्होल्गाकाठी तळ देऊन राहिला, आणि १२४६ मध्ये गुयुक गादीवर बसला तो बातूच्या गैरहजेरीत. इराणी इतिहासकार राशिदुद्दीन तर सांगतो की माघार घेताना ओगदेईच्या मृत्यूची वार्ता फौजेपर्यंत पोहोचलीच नव्हती.

४/
मग कारण काय? अभ्यासकांचा एक वर्ग बोट दाखवतो ते गवताकडे. मंगोल स्वार एका घोड्यावर लढत नसे. त्याच्यामागे बदलीची अनेक घोडी असत आणि ती सगळी चरूनच जगत. हंगेरीचे मैदान हिरवे असले तरी गवताळ प्रदेशाच्या मानाने तो एक लहान तुकडा. १२४२ च्या आरंभी तेथे ओल आणि दलदल फार होती, असे झाडांच्या वर्तुळांवरून केलेले संशोधन सुचवते. शिवाय दगडी कोट. जे थोडे कोट हंगेरीत होते, त्यांतले काही मंगोलांना घेता आले नाहीत. बेलाने परतल्यावर तसले आणखी बांधले, आणि १२८५ ची दुसरी मोठी स्वारी फसली.

५/
उलट, गवत जेथे अखंड होते तेथे मंगोल युरोपातच राहिले. रशियन संस्थाने १४८० पर्यंत सुवर्ण टोळीच्या छायेत होती. चंगीझखानाचा वंश सांगणारी क्रिमियाची खानत १७८३ पर्यंत टिकली. व्होल्गाच्या पश्चिमेला आजही काल्मिक लोक मंगोल कुळातली भाषा बोलतात. त्यांचे पूर्वज तेथे आले सतराव्या शतकात. तेव्हा 'मंगोल युरोपात टिकले असते तर?' याचे पहिले उत्तर 'टिकलेच होते' असे आहे. प्रश्न कोठवर टिकले आणि कशाच्या बळावर, एवढाच उरतो.

६/
हीच मोजपट्टी घेऊन साष्टीत येऊ.

७/
वांद्र्यापासून घोडबंदरापर्यंत आणि वेसाव्यापासून ठाण्यापर्यंत पसरलेले, चहूबाजूंनी खाड्या आणि समुद्र असलेले बेट म्हणजे साष्टी. सहासष्ट गावांवरून नाव पडले असे मानतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी साष्टीच. (गोव्यातला सासष्टी तालुका वेगळा. १७३९ मध्ये मराठ्यांनी त्याच्यावरही स्वारी केली होती, त्यामुळे कागदपत्रे वाचताना गोंधळ ठरलेला.) दक्षिणेची मुंबईची सात बेटे साष्टीहून माहीम आणि शीव येथील पाण्याने तोडलेली होती. लोकल गाडीतून हे पाणी आज काही क्षणांत मागे पडते. अठराव्या शतकात ती सरहद्द होती.

८/
साष्टी पोर्तुगीजांना मिळाली २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख त्यांना दिला. का दिला? उत्तरेकडून हुमायून चालून येत होता. 'मुघल' हा शब्द 'मंगोल'चेच फारसी रूप, आणि हुमायूनचा बाप बाबर आईकडून चंगीझखानाचा वंशज. म्हणजे मंगोलांची सावली साष्टीवरही एकदा पडून गेली आहे. त्या धाकापोटीच येथे पोर्तुगीज आले आणि दोनशे पाच वर्षे राहिले.

९/
या दोन शतकांत बेटाचा चेहरा बदलला. वांद्र्यात जेझुइटांचे मठ उभे राहिले, बोरिवलीजवळ मंडपेश्वराच्या लेण्यांवर फ्रान्सिस्कनांचे चर्च आणि विद्यालय आले, मरोळच्या बाजूला १५७९ मध्ये सेंट जॉन द बाप्टिस्टचे चर्च बांधले गेले. त्याचे भग्न अवशेष आज सीप्झच्या आवारात आहेत. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली, १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीकडे सोपवली. साष्टी मात्र पोर्तुगीजांनी हातची सोडली नाही. इंग्रजांना हे शल्य शंभर वर्षे बोचत राहिले. मुंबईला तांदूळ, भाजी, मांस पुरवणारे बेट परक्याचे, आणि येण्याजाण्याच्या वाटेवर त्या परक्याचे जकातीचे ठाणे.

१०/
पोर्तुगीज अंमलाला आतून कंटाळलेलीही माणसे होती. धर्मकारणातला जाच हे एक कारण. वतने आणि जमिनी गेल्याचा राग हे दुसरे, आणि बहुधा तितकेच मोठे. मालाडचे देशमुख अंताजी रघुनाथ आणि अंजूरचे गंगाजी नाईक यांची नावे या संदर्भात ठळकपणे येतात. त्यांनी पुण्याशी संधान बांधले, वाटा दाखवल्या, माणसे जमवली. वसईच्या मोहिमेची कथा पुण्याहून सुरू करण्याची सवय आहे. ती मालाडहूनही सुरू करता येते.

११/
१७३७ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मराठे ठाण्याची खाडी उतरले. ठाण्याचा कोट अजून पुरा बांधूनही झालेला नव्हता, तो पडला. त्यानंतर साष्टीत पोर्तुगीजांकडे उरले वेसावे, धारावी आणि वांद्रे. (ही धारावी भाईंदरकडची, शीव-माहीमच्या मधली नव्हे.) १७३९ च्या आरंभी वेसावे आणि धारावी गेली. फेब्रुवारीपासून चिमाजी अप्पांनी वसईला मोर्चे लावले आणि मे महिन्यात वसई शरण आली. वेढ्यात मराठ्यांचे पाच हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले, असे ग्रँट डफ लिहितो. शरणागतीच्या अटी मात्र उदार होत्या. सैन्याला सन्मानाने बाहेर पडू दिले, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना धर्म पाळण्याची मोकळीक दिली.

१२/
या काळात मुंबईचे इंग्रज काय करत होते, हा भाग मोठा मनोरंजक आहे. वसईने कर्ज मागितले, तेव्हा त्यांनी जास्तीत जास्त पंधरा हजार रुपये दिले, तेही चर्चमधली चांदीची भांडी आणि किल्ल्याच्या काही पितळी तोफा तारण ठेवून. शत्रूच्या वेढ्यात अडकलेल्या किल्ल्याच्या तोफाच गहाण! मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून वांद्र्याची तटबंदी इंग्रजांच्याच सल्ल्याने पाडली गेली. वसई पडताच मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणण्याचे ठरले आणि त्यासाठी व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपयांची वर्गणी काढली. व्यापारी वर्गणी काढतात तेव्हा भीती खरी असते.

१३/
खंदकाबरोबर त्यांनी दोन माणसेही कामाला लावली. कॅप्टन इंचबर्ड चिमाजी अप्पांकडे तहाच्या बोलण्यासाठी गेला. कॅप्टन गॉर्डन साताऱ्यास शाहू महाराजांच्या भेटीला गेला. गॉर्डनला दिलेल्या सूचनांत एक काम असे होते की दरबारात बाजीरावांचे विरोधक कोण ते हेरावे आणि त्यांच्या मनातला मत्सर चेतवावा. मुंबईला आपल्या भिंतींचा भरवसा किती होता, ते या सूचनेवरून समजते.

१४/
येथे आपला 'जर' उभा राहतो. जिंकलेली, वेढ्याच्या कामात तयार झालेली फौज खाडीच्या एका बाजूस. घाबरलेली, अर्धवट खंदकाची मुंबई दुसऱ्या बाजूस. मग पाऊल का पडले नाही? लोकप्रिय उत्तर हंगेरीच्या उत्तराची नक्कल वाटावी असे आहे. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीराव निवर्तले. १७ डिसेंबर १७४० रोजी चिमाजी अप्पाही गेले. दोघे भाऊ आणखी दहा वर्षे जगते तर मुंबई मराठ्यांची होती, आणि मग पुढचे सगळेच वेगळे.

१५/
तारखा नीट लावल्या की या उत्तराला तडा जातो. इंग्रजांशी तह झाला जुलै १७३९ मध्ये. तेव्हा बाजीराव जिवंत होते, चिमाजी अप्पाही. त्या तहाने कंपनीला मराठी मुलखात व्यापाराची मोकळीक मिळाली. खाडी न ओलांडण्याचा निर्णय मृत्यूने घेतलेला नव्हता. तो या दोघांनीच, विजय ताजा असताना घेतला होता. बातूने जसा कोणाच्या निवडीसाठी पश्चिम सोडला नाही, तसेच येथे.

१६/
तात्कालिक कारणे उघड आहेत. १७३९ च्या मार्चमध्ये नादिरशाहाने दिल्ली लुटली होती आणि तो दक्षिणेकडे वळतो की काय या चिंतेत बाजीराव होते. वसईचे काम उरकून फौज मोकळी करावी, हा त्यांचा तगादा. फौज थकलेली, पाऊस तोंडावर. पण ही कारणे एका हंगामाची. नादिरशाह मे महिन्यातच परत फिरला. पाऊस दसऱ्यापर्यंत सरतो. मग पुढच्या हंगामात का नाही?

१७/
कारण गवत नव्हते. म्हणजे जहाजे नव्हती.

१८/
मराठ्यांकडे आरमार नव्हते असे म्हणणे चूक ठरेल. कान्होजी आंग्र्यांच्या हयातीत इंग्रजांनी १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला आणि हात हलवत परतले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले; तेव्हा जमिनीवरून बाजीराव मदतीस आले आणि तीही मोहीम फसली. मराठी फौज जमिनीवर, आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते पाण्यात: मुंबईला धोका असलाच तर तो या जोडीचा होता.

१९/
१७२९ मध्ये कान्होजी वारले, १७३३ मध्ये त्यांचा मुलगा सेखोजी. उरलेल्या भावांत वाद पेटला आणि १७३५ मध्ये बाजीरावांनीच दौलतीची वाटणी केली: कुलाब्याला मानाजी, दक्षिणेला संभाजी. पेशव्यांच्या दृष्टीने ती सोय होती. एक प्रबळ सरखेल असण्यापेक्षा दोन परस्परांवर डोळा ठेवणारे आंग्रे पुण्याला सांभाळायला सोपे. पुण्यातून पाहिले तर हा हिशेब अगदी चोख दिसतो. माहीमच्या खाडीवरून पाहिले तर तोच आत्मघातकी वाटतो.

२०/
आता १७३९ चा नोव्हेंबर पाहा. मोठ्या वादळात कंपनीच्या तीन उत्तम सशस्त्र गुराबा कप्तानांसह बुडाल्या. मुंबईचे सागरी कवच त्या शतकात क्वचितच इतके पातळ झाले असेल. ती संधी कोणी साधली? संभाजी आंग्र्याने. त्याने मुंबईच्या नजरेसमोरून मासेमारीच्या होड्या माणसांसह धरून नेल्या. त्याच्या पाठीशी पेशव्यांची फौज असती तर? पण काही महिन्यांनी, १७४० च्या उन्हाळ्यात, संभाजीने मानाजीच्या कुलाब्याला वेढा घातला, आणि मानाजीच्या मदतीला धावले कोण? जमिनीवरून चिमाजी अप्पा आणि तरुण नानासाहेब; समुद्रावरून इंग्रजांची जहाजे. बाजीराव रावेरखेडीला अखेरचे क्षण मोजत होते तेव्हा त्यांचा भाऊ आणि मुलगा कोकणात होते, आणि एका आंग्र्याविरुद्ध इंग्रज त्यांच्याच बाजूने लढत होते. वसई पडून वर्षही झाले नव्हते.

२१/
तरीही कल्पना ताणून पाहू. समजा १७३९ च्या दसऱ्यानंतर फौज माहीम आणि शीव येथे उतरली. माहीम, परळ, वरळी पडली असती, हे मानायला हरकत नाही. पुढे कोट. वसईचा पाडाव झाला त्यामागे एक कारण असे की गोवा स्वतःच मराठ्यांच्या स्वारीने जेरीस आला होता आणि समुद्रावरून पुरेशी कुमक येईना. मुंबईचा समुद्र बंद करायला आंग्र्यांचे एकत्र आरमार लागले असते. ते दुभंगलेले. म्हणजे कोट समुद्रावरून अन्न आणि दारूगोळा घेत तग धरणार, आणि पुढच्या पावसाळ्यात वेढा उठणार.

२२/
आणि कोटही पडला असे धरले तरी हाती काय लागते? १७३९ ची मुंबई म्हणजे माडाच्या वाड्या, मिठागरे, भातखाचरे, एक उत्तम बंदर आणि त्या बंदरात येणारी जहाजे. यांतली शेवटची गोष्ट जिंकता येत नाही. ती सुरतेला किंवा तेलिचेरीला निघून जाते. पेशव्यांना मुंबईत बसून जकात गोळा करता आली असती, पण जकात भरणारा व्यापार टिकवायला लागणारी समुद्रसत्ता पुण्याकडे नव्हती. चिमाजी अप्पांना हे समजत नसेल असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. जिंकलेली साष्टी पदरात, मुंबईशी व्यापार चालू, ही त्या घडीची हिशेबी निवड होती.

२३/
साष्टी मात्र पस्तीस वर्षे मराठ्यांकडे राहिली, आणि या पस्तीस वर्षांविषयी आपल्याकडे चकित व्हावे इतके कमी बोलले जाते. वसईचा जयघोष मे महिन्यात होतो. वसईनंतरचा कारभार कोणाला आठवत नाही. युरोपीय पाद्री गेले, अनेक मठ ओस पडले, मंडपेश्वराच्या लेण्यांचा ताबा बदलला. पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा घाटावरच्या देवळांत पोहोचल्या. त्यांतल्या काही आजही तेथे टांगलेल्या आहेत. पण गावोगावचा ख्रिस्ती समाज उठून गेला नाही. १७६० च्या सुमारास आंकेतिल द्युपेराँ हा फ्रेंच विद्वान कान्हेरीची लेणी पाहायला साष्टीत आला, तेव्हा त्याला मराठी अंमलाखाली उघडपणे चाललेली उपासना आणि एतद्देशीय पाद्री दिसले. वसईच्या तहातले कलम कागदावर राहिले नव्हते.

२४/
हा तपशील दोन्ही बाजूंच्या घोषणांना अडचणीचा आहे. एका बाजूला 'परकीयांची खूण पुसली' म्हणणारे, दुसऱ्या बाजूला 'मराठ्यांनी ख्रिस्त्यांचा छळ केला' म्हणणारे. प्रत्यक्षात गावठाणातला माणूस भात लावत राहिला, क्रूसासमोर मेणबत्ती लावत राहिला आणि बोलत राहिला मराठीच. वसुली करणारा बदलला. त्याच्यासाठी १७३९ म्हणजे कदाचित एवढेच असेल.

२५/
आता या कथेतला खरा वळणबिंदू. १७३९ नव्हे, १७५५ आणि १७५६. तुळाजी आंग्रे पुण्याला जुमानेना, म्हणून नानासाहेब पेशव्यांनी त्याच्याविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, आणि बंदरात उभे असलेले आंग्र्यांचे आरमार जळून गेले. त्या आगीनंतर पश्चिम किनाऱ्यावर कंपनीला एकट्याने अडवू शकेल असे मराठी आरमार उरले नाही. पानिपताच्या पाच वर्षे आधी घडलेल्या या घटनेला आपल्या स्मरणात पानिपताच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही जागा नाही.

२६/
खाड्यांनी वेढलेले बेट, आणि खाड्यांचा मालक दुसरा. साष्टी किती दिवस टिकणार? १७७२ मध्ये माधवराव गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला. पुण्यात कारभाराचे दोन तुकडे पडले. कंपनीने मोस्टिन नावाचा वकील पुण्यात ठेवला होता, आणि साष्टी-वसई मिळवणे हे त्याच्या मनातले पहिले काम. १७७४ च्या अखेरीस गोव्याहून पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला निघते आहे अशी बातमी आली. ही सबब पुरेशी होती. २८ डिसेंबर १७७४ रोजी इंग्रजांनी ठाण्याचा कोट हल्ला करून घेतला. आतल्या शिबंदीतले बहुतेक लोक कापले गेले. वसईच्या शरणागतांना पस्तीस वर्षांपूर्वी मिळालेली वागणूक येथे कोणाला मिळाली नाही. वेसावेही पडले आणि काही दिवसांत सगळी साष्टी गेली.

२७/
'जर'चा खेळ खेळायचाच असेल तर तो येथे खेळावा. समजा १७५६ चे आरमार जळले नसते आणि १७७४ मध्ये ठाण्याच्या खाडीत मराठी गलबते असती. कंपनीची मुंबई संपली नसती, पण ती माहीम आणि शीवला अडली असती. गोव्यासारखे, दीवसारखे एक बंदिस्त ठाणे. गोदी वाढली असती, वस्ती दाटली असती, पण उत्तरेकडे सरकायला जागा नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावलेली आगगाडी शीवच्या पुढे न्यायला पुण्याची परवानगी लागली असती. घाटकोपर, भांडुप, मुलुंड ही स्थानके म्हणून जन्मलीच नसती, निदान त्या रूपात. १८४५ चा माहीमचा बांध घालायला दोन सरकारांची संमती लागली असती. मुलुंडचा जकात नाका २०१७ पर्यंत ज्यांनी पाहिला, त्यांनी तो मनातल्या मनात शीवला उचलून न्यावा. म्हणजे त्या पर्यायी मुंबईची हद्द दिसेल.

२८/
या पर्यायात कोणाचे भले झाले असते, हे सांगणे कठीण. साष्टीतले जुने ख्रिस्ती आज 'ईस्ट इंडियन' म्हणवतात. हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी घेतले. मुंबईत नोकरीसाठी येणाऱ्या गोव्याच्या आणि मंगळूरच्या ख्रिस्त्यांहून आपण वेगळे, येथले आणि कंपनीच्या काळापासूनचे, हे ठसवण्यासाठी. साष्टी मराठ्यांकडे राहती तर हा समाज असता. हे नाव नसते. वेसाव्याचे कोळी असते. त्यांच्या कोळीवाड्याभोवती इमारतींचा वेढा नसता. अंधेरी कदाचित ठाण्याच्या मामलेदाराखालचे एक भाताचे गाव राहिले असते. आणि या थ्रेडच्या वाचकांपैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा कोकणातून वा घाटावरून येऊन उतरले, ते उपनगरच अस्तित्वात नसते. ते कोठे गेले असते? ठाण्यात? वसईत? कल्पित इतिहासाला या प्रश्नाशी थांबावे लागते.

२९/
घडले ते असे. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली. गोडार्डने ती डिसेंबर १७८० मध्ये घेतली होती. ती देऊन टाकायला इंग्रज तयार झाले. साष्टी मात्र त्यांनी सोडली नाही. ज्या किल्ल्यासाठी मराठ्यांनी हजारो माणसे गमावली तो त्यांच्या लेखी सौद्यात देण्याजोगा होता. भाताची सहासष्ट गावे नव्हती.

३०/
आणखी वीस वर्षांनी, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला पेशव्यांचा पराभव केला. दुसरे बाजीराव महाडमार्गे सुवर्णदुर्गाकडे पळाले. कोकणच्या किनाऱ्यावर पेशव्यांना सुखरूप नेईल असे मराठी आरमार आता नव्हते. त्यांना इंग्रजांच्या जहाजात बसावे लागले. ते जहाज डिसेंबरमध्ये वसईला लागले. चिमाजी अप्पांनी जिंकलेल्या त्या गावी पहिल्या बाजीरावांचा नातू इंग्रजांच्या शिडाखाली उतरला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी तेथेच त्याने तैनाती फौजेच्या तहावर सही केली.